न समजणाऱ्या माणसाची सही

पिटू चपला हातात घेऊनच शिवणाच्या खोलीत शिरली, तेव्हा आत्याच्या तोंडात अकरा टाचण्या होत्या. ती एका कोटाची बाही बेतत होती. टाचण्या तोंडात असल्या की आत्याला बोलता येत नसे. "हं" आणि "अंहं" एवढ्या दोनच अक्षरांत तिचा सगळा कारभार चाले. पिटूने नेमकी हीच वेळ साधली होती.

"आत्या, इथे सही कर. कॉलेजचं आहे. बस जाईल माझी."

आत्याने एक भुवई वर केली. तिचा अर्थ 'हे काय आहे ते आधी सांग' असा होता आणि पिटूला तो पक्का ठाऊक होता. पण तिने भुवईकडे न पाहता पेन पुढे केलं. आत्याने "हं" केलं, सही ठोकली आणि पुन्हा बाहीकडे वळली.

ही सही म्हणजे गणिताच्या सरांची एक तऱ्हा होती. मुलं त्यांना पाठीमागे भागाकार सर म्हणत, कारण दर परीक्षेनंतर त्यांचा वर्ग निम्मा होई. सर आवाज चढवत नसत, कुणाला टाकून बोलत नसत. तपासलेला कागद परत आला की त्यावर मुलाच्या उत्तरापेक्षा सरांचा शेरा लांब असे. तो वाचताना आपली चूक इतकी स्वच्छ दिसे, की रडायलाही सबब उरत नसे. अवघड प्रश्न विचारणाऱ्याबरोबर ते तास संपल्यावरही फळ्याशी तासभर उभे राहत. गणिताशी काडीमोड घेतलेली मुलंसुद्धा पुढे कित्येक वर्षं सरांविषयी अदबीने बोलत.

सरांचं म्हणणं असं, की ज्याला गणित येत नाही त्याला समजावता आलं, तरच ते तुम्हाला आलं. म्हणून त्यांच्या प्रत्येक स्वाध्यायाच्या शेवटी दोन ओळी असत. पहिली: 'हे मला समजले', आणि खाली घरातल्या किंवा ओळखीतल्या, गणित सोडून दिलेल्या माणसाची सही. दुसरी: 'समजून घेताना मी विचारलेला प्रश्न'. वर्षाचे असे दहा स्वाध्याय. दोन बाद झाले तर चालत. तिसरा बाद झाला की परीक्षेला बसायचं नाही आणि वर्ष गेलं. खोटी सही सापडली तर स्वाध्याय बाद, हे वेगळं सांगायला नकोच.

पिटूचे दोन आधीच बाद झाले होते. दोन्ही घाईपायी. हा चौथा स्वाध्याय होता, आणि तो लिहून झाला तोच मुळी आज सकाळी चहा पिताना. आई दवाखान्यात परिचारिका. औषधांच्या मात्रा मोजून मोजून तिचं गणित चांगलं झालं होतं, म्हणून तिची सही चालत नसे. बाबा लांबच्या गाडीवर चालक, ते सहा दिवसांनी घरी येणार होते. उरली आत्या.

सही मिळाली, पण प्रश्नाची ओळ कोरीच राहिली होती. दारात एका पायात चप्पल सरकवता सरकवता पिटूने खोलीत नजर फिरवली. मेजावर कापलेल्या कापडाचे दोन ढीग होते, एक अस्तराचा, एक कोटाचा. स्वाध्याय होता मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे सिद्ध करण्याचा. समजा त्या संपल्या. तर सगळ्यांचा एकमेकींशी गुणाकार करायचा आणि त्यात एक मिळवायचा, अशी त्याची रीत. पिटूने घाईघाईने खरडलं: 'सगळ्यांचा एकच गुणाकार कशाला? दोन ढीग करून वेगवेगळे गुणाकार केले आणि त्यांची बेरीज घेतली तर चालणार नाही का?' आणि बस गाठली. बसमध्ये बसायच्या आत ती हा प्रश्न विसरूनही गेली होती.

सोमवारी सर वर्गात आले ते हातात एकच कागद घेऊन. पिटूला आपलं अक्षर लांबूनच ओळखू आलं.

"या तुमच्या आत्या," सरांनी विचारलं, "काय करतात?"

"कपडे शिवतात, सर."

"कुठपर्यंत शिकल्यात?"

"शाळा मध्येच सोडली. गणितामुळेच."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग वर्गाकडे वळून ते म्हणाले की इतकी वर्षं ते हा धडा शिकवताहेत, ढीगभर सह्या तपासल्यात, आणि बहुतेक सगळे प्रश्न 'याचा उपयोग काय' याच्या पलीकडे जात नाहीत. पण या बाईंच्या प्रश्नात एक पूर्ण, वेगळी सिद्धता दडली आहे. ज्यांनी शाळा गणितापायी सोडली त्यांना हे सुचावं, यात शाळेचा दोष किती आणि आपला किती याचा विचार ते शनिवार-रविवार करत होते. ते बोलले अगदी साधेपणाने, आणि म्हणूनच पिटूला बाकाखाली शिरावंसं वाटलं.

"गुरुवारच्या तासाला त्यांना घेऊन या. मला त्यांच्याकडून ऐकायचंय, ढीग करावेत हे त्यांना कसं सुचलं."

खरं सांगून टाकायला पिटूने तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात सरांनी कागदाची घडी घालून ती खिशात, पेनाशेजारी ठेवली. जपून. तिने तोंड मिटलं. दुपारपर्यंत ही बातमी भौतिकशास्त्राच्या बाईंपर्यंत गेली. त्यांनीही गुरुवारी मागच्या बाकावर बसायची परवानगी मागितली. संध्याकाळी शिपाई येऊन पिटूला विचारून गेला, की आत्यांना हातांची खुर्ची लागेल की साधी चालेल.

घरी आल्यावर पिटूने आत्याला सगळं सांगितलं. या वेळी आत्याच्या तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी ती नुसतं "हं" म्हणाली. पिटूने मग आपला बेत मांडला: प्रश्न पाठ करायचा, 'कापडाचे ढीग बघून सुचलं' एवढं म्हणायचं आणि शिवणाची निकड सांगून निघायचं.

"खोटं मी बोलणार नाही," आत्या म्हणाली.

"मग माझं वर्ष जाईल गं."

"ते तुझ्या घाईने जाईल, माझ्या खरेपणाने नाही." तिने शिलाई यंत्राशेजारचं स्टूल पायाने पुढे ढकललं. "पण सही माझी आहे. न बघता कपडा दिलाय का मी कधी कुणाला? 'समजले' असं लिहून दिलंय ना मी? मग बस, आणि समजाव."

तीन संध्याकाळी ही शिकवणी चालली. पहिल्या संध्याकाळी पिटूने सरांच्या वहीतली वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली. आत्या म्हणाली, नाही समजलं. पिटूने तीच वाक्यं मोठ्या आवाजात म्हटली. आत्या म्हणाली, ऐकू येतंय मला, समजत नाहीये. पिटू चिडली, आत्या मुळीच चिडली नाही. आठ वाजता तिने यंत्रावर आच्छादन टाकलं. "उद्या ये," ती म्हणाली. जणू पिटूच गिऱ्हाईक होती आणि तिचा कपडा अजून व्हायचा होता.

दुसऱ्या संध्याकाळी पिटूने बटणांचा डबा उपडा केला. सहा बटणं दोन-दोनच्या किंवा तीन-तीनच्या सारख्या ओळींत लागतात. सात काही केल्या लागत नाहीत, एकेकटीच मांडावी लागतात किंवा सगळी एका रांगेत. अशी हट्टी संख्या म्हणजे मूळ संख्या. हे आत्याला झटकन पटलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे असली गिऱ्हाइकंही असतात, कुठल्याच मापात बसत नाहीत. मग पिटूने दोन, तीन, पाच, सात या चारच मूळ संख्या जगात आहेत असं धरलं आणि त्यांचे दोन ढीग केले. दोन आणि तीनचा गुणाकार सहा बटणं. पाच आणि सातचा पस्तीस.

"आता एकत्र कर," आत्या म्हणाली.

"एक्केचाळीस."

"बरं, मग?"

'मग काय' ते पिटूला ठाऊक नव्हतं. प्रश्न तिचा होता, उत्तर कुणाचंच नव्हतं. आत्याने शांतपणे दोरा ओवला. "नाही समजलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. पाचव्यांदा ऐकल्यावर पिटू वैतागून बटणं तीन-तीनच्या ओळींत मांडू लागली.

"अगं, लहान ढिगात तीनच्या ओळी बरोबर लागतात. मोठ्यात लागत नाहीत, दोन बटणं उरतात. आता ढीग एकत्र केले म्हणून ती उरलेली दोन जातील कुठे? उरणारच ना? पाचचं उलटं. मोठ्यात लागतो, लहानात अडतो. म्हणजे प्रत्येकजण एका ढिगात बसतो आणि दुसऱ्यात..."

ती थांबली. हातातलं बटण तसंच धरून ती त्या ढिगाकडे पाहत राहिली. चारही संख्यांपैकी कुणालाच ही एक्केचाळीस सारखी वाटून घेता येत नव्हती, आणि चाराऐवजी चारशे असत्या तरी आलं नसतं. म्हणजे यादीबाहेर आणखी एखादी मूळ संख्या असलीच पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा तिला गणितातलं काहीतरी कुणी न सांगता दिसलं होतं.

"आत्या, निघाली सिद्धता," ती हळूच म्हणाली.

"तुला निघाली. मला अर्धी समजलीय," आत्या म्हणाली. तिसरी संध्याकाळ तिच्या उरलेल्या अर्ध्यात गेली, आणि तरी थोडं शिल्लक राहिलंच.

गुरुवारी आत्या गळ्यात मापाची फीत तशीच ठेवून कॉलेजात आली. सर उठून उभे राहिले, म्हणून वर्गही उठला. हातांची खुर्ची मांडली होती. सरांनी स्वतःचं नाव सांगितलं, येण्याची तसदी घेतल्याबद्दल आभार मानले, आणि ढिगांचं कसं सुचलं ते विचारलं.

"मला नाही सुचलं," आत्या म्हणाली. "प्रश्न हिचा आहे. मी सही केली तेव्हा तोंडात टाचण्या होत्या, विचारणार कशी? तिने घाईत माझ्या नावावर लिहून टाकला."

वर्गात खसखस पिकली. सरांनी नुसतं वर पाहिलं तेव्हा ती थांबली. पिटूला आपलं वर्ष खिडकीतून बाहेर जाताना स्पष्ट दिसत होतं.

सरांनी खिशातला कागद काढला, उलगडला आणि सहीची ओळ पुन्हा वाचली. "म्हणजे शुक्रवारी तुम्हाला हे समजलेलं नव्हतं."

"अक्षरही नाही."

"आणि आज?"

सगळं या उत्तरावर येऊन ठेपलं. पिटूने आत्याकडे इतक्या आशेने पाहिलं, की दुसरी कुठलीही आत्या विरघळली असती.

"बरंचसं," आत्या म्हणाली. "एक जागा अडते. ढीग एकत्र केले, ती संख्या यादीतल्या कुणाच्याच ओळींत लागत नाही, इथवर पटलं. पण ही म्हणते, मग तिला ओळींत लावणारी मूळ संख्या दुसरी कुठली तरी असणारच, हे उघडच आहे. कशावरून? मला नाही उघड दिसत."

भौतिकशास्त्राच्या बाई पुढे वाकल्या. सरांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला वर्गाने आजवर हसू म्हणून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खडू उचलला, दोन बोटांत फिरवला आणि तो पिटूसमोर धरला.

पिटू फळ्याशी गेली. वहीत या जागी 'उघड आहे' एवढंच लिहिलेलं होतं. तिने फळ्याकडे पाठ केली आणि आत्याकडे पाहून, स्टुलावर बसून बोलावं तशी सावकाश बोलायला लागली. ती संख्या स्वतःच हट्टी असेल तर प्रश्न मिटला, नवी मूळ संख्या तीच. नसेल तर तिच्या सारख्या ओळी लागतील. मग एका ओळीतली बटणं घ्यायची. ती आधीपेक्षा कमीच असणार. ती ओळ हट्टी नसेल तर तिच्याही ओळी लावायच्या. "दर वेळी बटणं कमी होतात, आत्या. असं किती वेळ चालेल? कुठेतरी थांबावंच लागणार. जिथे थांबेल ती मूळ संख्या."

आत्याने फीत बोटांभोवती गुंडाळली, उलगडली.

"हां," ती म्हणाली. "आता समजलं."

सरांनी शुक्रवारची सही एका रेघेने खोडली आणि त्यांनी कागद व पेन आत्यापुढे ठेवलं. तिने नव्याने सही केली, या वेळी वरपासून खालपर्यंत वाचून. प्रश्नापुढे सरांनी स्वतःच्या हाताने पिटूचं नाव लिहिलं. शेरा मात्र या वेळी एकाच शब्दाचा होता: 'स्वीकारले'. तास सुटल्यावर ते आत्याला फाटकापर्यंत पोहोचवायला आले.

"फक्त एक अडचण आहे," निरोप घेताना ते म्हणाले. "पुढच्या स्वाध्यायांवर तुमची सही मला घेता येणार नाही. नियम गणित न येणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही आता त्यात बसत नाही."

बसमध्ये आत्या ताठ बसून होती, पिटू खांदे पाडून. अजून सहा स्वाध्याय बाकी होते आणि घरातली हाताशी असणारी एकुलती एक सही बाद झाली होती.

त्या संध्याकाळी बाबा गाडीवरून परतले. हात-पाय धुऊन ते खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच आत्या समोर येऊन उभी राहिली.

"काय रे, समजा सगळ्या मूळ संख्या संपल्या."

बाबांनी बहिणीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि पाय लांब केले. "संपल्या तर संपल्या, ताई. जेवायला काय आहे?"

आत्याचा चेहरा समाधानाने उजळला. ती पिटूकडे वळली.

"चिंता सोड," ती म्हणाली. "हा वर्षभर पुरेल."