बारा झगे आणि उलटा वारा

"वाऱ्याला विचारू नका, मला विचारा! वारासुद्धा मला विचारून सुटतो!" हे वाक्य निवृत्त पोस्टमन क्लेरमाँटकाका रमच्या दुकानात रोज एकदा तरी म्हणायचेच.

बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावर डिसेंबरपासून जूनपर्यंत समुद्रावरून असा वारा सुटतो की लाटेचं अगदी ताक होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र तो मध्येच दमतो, कड्यावरून उलटा वारा खाली उतरतो आणि लाट आरशासारखी उभी राहते. तो दिवस नेमका कुठला, हे गावात फक्त काकांना कळायचं. म्हणून दरवर्षीच्या सर्फिंग स्पर्धेचा दिवस तेच ठरवायचे आणि पंचांच्या शेजारी त्यांची उशीवाली खुर्ची असायची. बायको गेल्यापासून काका त्या खुर्चीसाठीच जगत होते म्हणा ना.

लोकांना वाटायचं, काका वाळू हुंगतात, शेवाळ चावून बघतात. तसं ते करायचेही, चारचौघांत! खरी गोष्ट निराळी होती. काकांचं घर कड्याच्या कुशीत. तिथे वादळातही मेणबत्ती विझायची नाही. गुडघे दुखरे, त्यामुळे रोज खाली जाणं नाही. मग पहाटे साडेपाचला दुर्बीण लावायची आणि खाली टोकावर राहणाऱ्या विधवा अर्मीनबाईंचं अंगण बघायचं. बाई रोज नेमाने कपडे वाळत घालायच्या. कपडे डोंगराकडे उडाले तर स्पर्धा नाही, समुद्राकडे उडाले तर स्पर्धा! पंचवीस वर्षं हे हवामानखातं चाललं होतं आणि बाईंना पत्ताही नव्हता. निदान काकांची तशी समजूत होती.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी काकांनी दुर्बीण लावली आणि ताडकन उभेच राहिले. तारेवर चर्चच्या गायकांचे बारा पांढरे झगे, आणि बाराच्या बारा समुद्राकडे ताणलेले! असला उलटा वारा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

सहाला शहरातून स्पर्धेचे सेक्रेटरी डार्नली यांचा फोन आला. "काका, काय म्हणतोय वारा?"

"आण सगळ्यांना! लाटेत तोंड बघून दाढी कराल!"

"नक्की ना? खालची पोरं म्हणताहेत, समुद्र फेसाळलाय."

"पोरं? अरे, त्यांचे बाप शेंबूड पुसत होते तेव्हापासून मी वारा ओळखतोय! आण म्हटलं ना!"

नऊच्या आत तीन बसगाड्या, चाळीस स्पर्धक, पंच आणि माशाचे वडे तळणाऱ्या बाया हजर! काका गळ्यात दुर्बीण अडकवून ऐटीत गाडीतून उतरले, तोच त्यांची टोपी उडाली. डोंगराकडे!

"वळतोय, वळतोय," काका म्हणाले. "जरा दम धरा."

वळतोय कसला! पहिला स्पर्धक पाण्यात शिरला आणि त्याची फळी त्याच्याआधी परत आली. दुसऱ्याची तर वड्यांच्या कढईपाशी येऊन थांबली. तेवढ्यात पंचांचा तंबू खुंट्यांसकट उखडला आणि चढावरून धावत सुटला. मागे पंच, त्यांच्या मागे डार्नली, मागे सगळं गाव आणि शेवटी लंगडत काका. तंबू थांबला तो थेट अर्मीनबाईंच्या अंगणात.

तिथे काकांनी झगे जवळून पाहिले. प्रत्येकाचा खालचा काठ सुतळीनं समुद्राकडच्या कुंपणाला घट्ट बांधलेला!

"हे... हे बांधलेत?" काकांनी एक सुतळी ओढून पाहिली.

"मग काय करू?" अर्मीनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "उद्या चर्चमध्ये सुगीचा सण. कसाव्याच्या कंदाची खळ घालून कडक केलेत. गेल्या वर्षी वाऱ्यानं मातीत लोळवले आणि शेजारची डुकरीण एक चघळून गेली! तुम्हाला काय त्याची पंचाईत?"

डार्नलींनी झग्यांकडे पाहिलं, वर काकांच्या घराकडे पाहिलं, मग काकांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे. "काका, तुम्ही वारा कशावरून सांगता हो?"

काकांना खुर्ची उशीसकट उडून जाताना दिसली.

"आणि मलाही सांगा!" अर्मीनबाई कडाडल्या. "पंचवीस वर्षं बघतेय मी. रोज पहाटे ती काच चमकते! माझ्या अंगणात काय बघता एवढं? बोला, चारचौघांत बोला!"

इकडे आड, तिकडे विहीर. काकांनी टोपी काढायला डोक्याकडे हात नेला. टोपी नव्हतीच.

"तुम्हाला," ते म्हणाले.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. अर्मीनबाईंच्या हातातले चिमटे गळून पडले.

"एवढं सांगायला पंचवीस वर्षं?" त्या म्हणाल्या. "आणि म्हणे पोस्टमन होतात! उद्या जेवायला या. मक्याच्या पिठाचं कू-कू आणि माशाचा रस्सा करते."

"असल्या अवस्थेत वाऱ्याकडे कुणाचं लक्ष राहणार?" डार्नलींनी पंचांची समजूत घातली. अब्रू वाचली, खुर्चीही वाचली!

दुसऱ्या दिवशी काका भीत भीत जेवायला गेले आणि कू-कू तीनदा मागून घेतलं. पुढच्या रविवारी न बोलावता गेले. ईस्टरला दोनाचे चार हात झाले. अर्मीनबाई वर राहायला आल्या, त्या कपड्यांची तार घेऊनच. ती आता परसात, कड्याच्या कुशीत बांधलीय. तिच्यावरचा रुमालसुद्धा हलत नाही!

यंदा ऑक्टोबरात डार्नलींचा फोन आला. "काका, काय म्हणतोय वारा?"

काकांनी फोनवर हात ठेवला. "अगं, वारा कुठला गं आज?"

"समुद्राचाच!" अर्मीनबाई चुलीपासून न हलता म्हणाल्या. "गुरुवारी वळेल. चाळीस वर्षं त्या टोकावर कपडे वाळवलेत, मला नाही कळणार?"

काकांनी घसा खाकरला. "डार्नली, आत्ताच शेवाळ चावून बघितलं. गुरुवार!"

"आणि त्यांना म्हणावं," आतून आवाज आला, "यंदा खुर्च्या दोन मांडा. उशी माझ्या खुर्चीवर!"