समुद्रासाठी घेतलेले बूट

पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी नरसिंहराव बूट घ्यायला निघाले, तेव्हा अनुसूयाक्कांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "आजच पाहिजेत का रे बूट?"

"उद्या गाडी आहे, अक्का."

"शेषगिरी भटजी दुपारी यायचेत. त्याच्या आत ये. आल्यावर अंघोळ करून मडीनं बसायचं, लक्षात ठेव."

अक्का म्हणजे नरसिंहरावांची थोरली विधवा बहीण. नरसिंहरावांच्या पत्नी सत्यवतीबाई गेल्यावर त्या चामराजपेटेतल्या या घरात राहायला आल्या आणि येताना आपलं सोवळं, म्हणजे त्यांच्या भाषेत मडी, सोबत घेऊन आल्या. चामड्याचा पट्टासुद्धा दाराबाहेर खुंटीवर राहायचा.

गाडी कोचीनची होती. जावई नागनाथ तिथं नौदलात होता आणि त्यानं एक लहानशी शिडाची होडी घेतली होती. "मामी, तुम्हाला समुद्रात फिरवतो," असं तो दरवर्षी सासूला म्हणायचा. सत्यवतीबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नरसिंहराव म्हणायचे, पुढच्या वर्षी रजा घेऊ. कचेरीत त्यांची रजा साठत गेली, ते निवृत्त झाले, आणि आता निघायचं म्हणेपर्यंत सत्यवतीबाईंनी अंथरूण धरलं. त्यातून त्या उठल्या नाहीत. आता नागनाथनं एकट्या सासऱ्याला बोलावलं होतं. "मामा, होडीत पाणी फार उडतं. वॉटरप्रूफ बूट तेवढे घेऊन या," एवढंच तो म्हणाला होता.

दंडूतल्या, म्हणजे कँटोन्मेंटातल्या, एका दुकानात असे बूट होते. दुकानदारानं गुडघ्यापर्यंत येणारे काळे रबरी बूट दोन मापांत काढून ठेवले. एक जोड सैल होता, दुसरा घट्ट.

"कुठला घेऊ?" नरसिंहरावांनी विचारलं.

"सार, पाणी आत जाऊ नये म्हणूनच घेताय ना? मग फट कशाला ठेवायची?"

हे नरसिंहरावांना पटलं. घट्ट बूट चढवताना त्यांचे डोळे पांढरे झाले. तीस वर्षं त्यांच्या वहाणा सत्यवतीबाई निवडत होत्या. अंगठ्यापुढं बोटानं दाबून बघायच्या आणि "नको, चावेल" किंवा "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणायच्या. नरसिंहरावांनी सवयीनं शेजारी मान वळवली. शेजारच्या खुर्चीवर कुणाचीतरी छत्री होती.

"सरी," ते स्वतःच म्हणाले.

"घरापर्यंत घालूनच जा सार. स्वल्प सैल होतील."

दुकानदारानं त्यांच्या वहाणा कागदात बांधून दिल्या. बाहेर मार्चचं कडक ऊन होतं. बसमध्ये कंडक्टरनं त्यांच्या पायांकडे बघितलं, खिडकीतून आभाळाकडे बघितलं आणि "पाऊस कुठं आहे सार?" असं कन्नडमध्ये अदबीनं विचारलं.  नरसिंहरावांचे पाय आत उकडून निघत होते. चामराजपेटेत उतरेपर्यंत ते इतके सुजले, की पाय कुठं संपतो आणि बूट कुठं सुरू होतो हे त्यांना कळेना.

दाराशी बसून त्यांनी बूट ओढला. तो हलला नाही. दुसरा ओढला. तोही नाही.

"अक्का, हे निघत नाहीत."

अक्का बाहेर आल्या. मडीत असल्यानं त्यांना शिवता येईना. त्यांनी शेजारच्या देवाप्पाला हाक मारली. देवाप्पा बेळगावकडचा, गिरणीत कामाला आणि अंगानं दणकट. त्यानं बूट धरून ओढला, तसे नरसिंहराव पायरीवरून घसरत रस्त्यापर्यंत गेले.

"खांबाला धरून बसा की ओ," देवाप्पा म्हणाला.

नरसिंहरावांनी खांब धरला. पाय लांब झाल्यासारखा वाटला, पण बूट तिथंच राहिला.

"सुरी आणतो. कापून काढूया."

"नको," नरसिंहराव म्हणाले. "उद्या हेच घालून जायचंय."

"मग असाच श्राद्धाला बसणार का?" अक्कांनी विचारलं.

"तिनं बघितला नाही समुद्र. मी तरी बघून येतो, अक्का. कापू नका."

अक्कांनी देवाप्पाला घरी पाठवलं. तेवढ्यात शेषगिरी भटजी आले. सगळा प्रकार ऐकून त्यांनी बुटांकडे वाकून बघितलं आणि बराच विचार केला.

"हे चामडं नव्हे. रबर म्हणजे झाडाचा चीक. शास्त्रात रबराला कुठं निषेध सांगितलेला नाही."

"शास्त्रकारांना रबर ठाऊक तरी होतं का?" अक्का म्हणाल्या.

"म्हणूनच निषेध नाही."

अंघोळ मात्र चुकणार नव्हती. नरसिंहराव न्हाणीघरात बसले आणि डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. पाणी अंगावरून ओघळून नीट बुटांत उतरलं. ते काढायला बूट उलटे करायला हवे होते, आणि बुटांबरोबर नरसिंहरावांनाही उलटं करणं भाग होतं. बूट खरोखरच उत्तम होते. आतलं एक थेंब पाणी बाहेर आलं नाही.

श्राद्ध सुरू झालं. पाय दुमडता येईनात म्हणून नरसिंहराव पाटावर पाय पसरून बसले. दर्भ घ्यायला वाकले, की बुटांत डुबुक व्हायचं. तीळ घ्यायला वळले, की पुन्हा डुबुक. भटजी दोनदा मंत्रात अडखळले आणि दोन्ही वेळा खोकले. अक्का भिंतीकडे बघत राहिल्या. सत्यवतीबाई असत्या तर तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत पळाल्या असत्या, हे तिघांच्याही मनात आलं.  नरसिंहरावांनी पत्नीचं नाव घेऊन पिंड ठेवला आणि डुबुक झालं.

जेवणं आटोपून भटजी गेल्यावर देवाप्पा पुन्हा आला. नरसिंहरावांनी खांब धरला. या वेळी आतल्या पाण्यानं काम केलं. बूट एकदम निसटला आणि देवाप्पा भिजून मागं पडला. दुसरा त्याहून सहज निघाला.

नरसिंहरावांचे पाय पांढरेफटक पडले होते, बोटांना सुरकुत्या आल्या होत्या. त्यांच्याकडे बघता बघता ते रडायला लागले. वर्षभरात ते रडले नव्हते. माणसं भेटायला यायची, तेव्हा तेच सगळ्यांना पाणी द्यायचे.

"लई दुखालंय काय ओ?" देवाप्पानं विचारलं.

"हो. अंगठा दुखतोय."

देवाप्पा खोबरेल आणायला घरी गेला. नरसिंहरावांचं रडं थांबेना. अक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्या खाली बसल्या, त्यांनी भावाचा ओला पाय मांडीवर घेतला आणि आपल्या मडीच्या लुगड्यानं पुसू लागल्या.

"अक्का, मडी."

"असू दे. मोडली." त्यांनी दुसरा पाय ओढून घेतला. "कोचीनचं आणखी एक तिकीट मिळेल का रे?"

"कुणाला?"

"मला. श्रीरंगपट्टणाच्या पुढं मी कुठं गेलेय? तिचं राहिलं, तसं माझंही राहील."

नरसिंहरावांनी नाक पुसलं. "तुलाही बूट लागतील."

"मग आता चल. हे तुझेही बदलून आणू. पण निवडणार मी."

संध्याकाळी त्या दुकानात लाल लुगड्यातल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या एक वृद्ध बाई काळे रबरी बूट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. दर पावलाला टाच आत वर उचलली जात होती.

"फार सैल आहेत अम्मा," दुकानदार काकुळतीनं म्हणाला. "एक नंबर लहान देतो."

"नको. दोघांनाही हेच बांधून दे," अक्का म्हणाल्या. "उद्या पाण्यात पडलो, तर आधी काढता तरी आले पाहिजेत."