हसनभाऊंचा करंट

हसनभाऊ आमच्याकडे आले की आधी आमच्या कुत्र्याची विचारपूस. अंगणात उकिडवे बसायचे, त्याच्या डाव्या बगलेखाली हात घालायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. ठोके पाहून झाले की मान डोलावत म्हणायचे, "चालू हाय मस्त." मग कुठे आम्हा माणसांचा नंबर. माझा नवरा तापाने फणफणला होता, तेव्हाही हाच क्रम. मी चिडले, तर म्हणाले, "बाई, साहेब तोंडानं सांगू शकते. ह्या बिचाऱ्याले कोण इचारन?"

चिमूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. हसनभाऊंची सगळी नोकरी नागपूरला, एका संशोधनशाळेतल्या कुत्र्यांची देखभाल करण्यात गेली. रिटायर होऊन गावी आले ते सवयींसकट. बाजारातली बकरी, कुणाचा बैल, झालंच तर कोंबडीसुद्धा सुटायची नाही. बकरीवाल्यांनी तर त्यांच्यापुढे हातच जोडले होते, कारण हे भर गिऱ्हाइकासमोर "हिचं दिल कमजोर हाय" म्हणून मोकळे व्हायचे. कुत्र्यांना 'भाऊ' म्हणायचे आणि सख्ख्या मेव्हण्याला नुसतं 'अबे'. त्यांची बायको जुबेदाबी मोठी कडक. कुत्र्याला शिवून आले की हात धुऊन कुडता बदलल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. त्यांच्या दोरीवर बघावं तेव्हा कुडतेच वाळत असायचे.

कामाचा विषय निघाला की हसनभाऊ सुटलेच. तिथे म्हणे आधी मशीन लावून कुत्र्याचं हृदय मुद्दाम थकवायचे, आजारी माणसाचं थकतं तसं. मग मानेतल्या नसेला बारीक वायर लावून हलका करंट द्यायचे आणि हृदय सावरतं का ते बघायचे. "पण त्या मुक्या जीवाला थकवायचंच कशाला?" मी एकदा तणतणले. ते म्हणाले, "मी बी तिथल्या मोठ्या साहेबाले हेच इचारलं होतं. थे म्हणे, हसन, ह्याच्यानं उद्या माणसं वाचतीन."

त्यातल्या काळूभाऊ नावाच्या कुत्र्याची गोष्ट तर अख्ख्या मोहल्ल्याला पाठ. धापा टाकत कोपऱ्यात पडून राहणारा काळूभाऊ करंट सुरू झाल्यावर उठला, पोळी खायला लागला, हसनभाऊंची चप्पल घेऊन पळायला लागला. इथवर सांगून ते थांबायचे. पुढचं कधी सांगत नसत आणि कुणी विचारतही नसे.

मग जुबेदाबीचंच हृदय थकलं. पाय सुजायचे, न्हाणीपर्यंत गेली तरी दम लागायचा. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण हसनभाऊंचा सगळा जीव करंटात. "करंट लागला का तू बी उठशीन, पाह्य," असं तिला रोज ऐकवायचे. संध्याकाळी वाटीत तेल घेऊन तिच्या मानेची एक बाजू हलक्या हाताने चोळत बसायचे. का, तर नस जागी राहावी म्हणून. वायर नाही, मशीन नाही, नुसतं खोबरेल. मला आधी हसू यायचं आणि मग मी तिथून उठून जायचे.

शेवटी ते नागपूरला जाऊन जुन्या साहेबांना भेटून आले. परतताना आधी माझ्याकडे आले. कुत्रा शेपूट हलवत पायात घुटमळला, तर त्याच्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी सांगितलं होतं की हा इलाज अजून जनावरांवरच चालू आहे, माणसांपर्यंत कधी येईल ते सांगता येत नाही.

"आन् बाई, काळूभाऊ बी नाई वाचला," ते खाली बघत म्हणाले. "बरा झाला, मंग त्याले कायमचं निजवून त्यायनं त्याचं दिल काढून पाह्यलं, कितीक सुधरलं थे. मीच धरलं होतं त्याले. जुबेदाले हे सांगू नोका."

घरी जाऊन त्यांनी बायकोला खुशाल ठोकून दिलं की धानाची कापणी झाली की साहेब बोलावणार आहेत. जुबेदाबीने लगेच नागपूरची पिशवी भरली. नवी ओढणी, साबण, फणी. आल्यागेल्याला दाखवायची. मला ती पिशवी बघवेना.

एका दुपारी ते मशिदीत गेले होते आणि मी तिच्याजवळ बसले होते. तिनेच विषय काढला.

"थो काळू मेला, मले कवाचंच मालूम हाय," ती थांबत थांबत म्हणाली. "हे झोपीत त्याची माफी मांगते. मले बी कोनी नागपूरले नेत नाई, समजते मले."

"मग पिशवी कशाला भरली?" मी विचारलं.

"नाई भरली तं हे खचून जातीन. त्यायले वाटू द्या, मी वाट पाहून राह्यली."

कापणी व्हायच्या आतच जुबेदाबी गेली. हसनभाऊ बाजारातल्या बकऱ्यांकडेही फिरकेनात. एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा दिला, तो तसाच निवला.

"बाई, एक इचारतो," ते म्हणाले. "तिले आखरीपर्यंत खरंच वाटे नं, आपल्याले नागपूरले जाचं हाय म्हून?"

"हो," मी म्हटलं. "पुरा भरोसा होता तिचा तुमच्यावर."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि तिथेच ओट्यावर लहान लेकरासारखे रडायला लागले.