दहा मिनिटांचा फिल्टर

“दहा मिनिटं! तू चहा गाळेपर्यंत डिझेल फिल्टर बदलून, हात धुऊन हजर होतो बघ!” बायकोला असं ठणकावून पक्कडभाऊ सकाळी आठ वाजता आपल्या ट्रकखाली शिरले.

पक्कडभाऊ हे नाव त्यांना ट्रकतळावर मिळालं होतं. त्यांनी आवळलेली वस्तू पुन्हा कुणाच्या बापाला सुटत नसे. ते लांबच्या फेरीवर गेले की घरची मंडळी शेजाऱ्यांकडून पाणी आणत, कारण निघताना नळ ते बंद करून जात!

खरं तर ट्रक उत्तम चालत होता. पण आज त्यात लेकीचं सामान होतं: गादी, टेबल आणि पुस्तकांची अकरा खोकी. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. तीन तासांचा रस्ता आणि केबिनमध्ये बापलेक दोघंच! पक्कडभाऊ महिनाभर मनात एक भाषण घोळवत होते. घरी ते जमण्यासारखं नव्हतं. घरी बोलायचं खातं बायकोकडे. शिवाय समोर बसून लेकीला ‘तुझा फार अभिमान वाटतो’ म्हणायचं म्हणजे डोळे दगा देणार. ट्रक चालवताना नजर रस्त्यावर असते, बापाला काय हवं ते बोलता येतं. असा प्रवास वाटेत फिल्टर तुंबून अडला तर? म्हणून हा नवा फिल्टर.

“अहो, चालतोय ना ट्रक? मग कशाला हात लावताय?” बायको म्हणाली.

“तू चहा गाळ!”

लेकीने घड्याळ पाहिलं. “बाबा, अकरापर्यंत नाही निघालो तर मी टेम्पो बोलावते हं. वेळेत पोचून खोलीची किल्ली घ्यायचीय.”

“टेम्पो? घरचा ट्रक असताना?”

जुना फिल्टर पक्कडभाऊंनीच बसवलेला. तो नुसता हाताने आवळायचा असतो. त्यांनी पान्याने आवळला होता, आणि जिवाला स्वस्थता लाभावी म्हणून वर आणखी एक पीळ दिला होता. साडेनऊ वाजले तरी तो तसूभर हलला नाही.

मग मेहुणा मदतीला आला. तो बँकेत कारकून, पण गाड्यांतलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची प्रामाणिक समजूत.

“भाऊजी, तुम्ही खालून जोर लावा, मी वरून लावतो!” म्हणत त्याने कमरेचा पट्टा काढला, इंजिनावर ओणवा झाला आणि पट्टा फिल्टरला गुंडाळला.

“डावीकडे फिरव रे!”

“डावीकडेच फिरवतोय!”

“मीपण डावीकडेच! मग सुटत का नाही?”

“तुम्ही आवळलाय म्हणून!”

पाऊण तास हे चाललं. दर झटक्याला मेहुण्याची पँट चार बोटं खाली येत होती. शेवटी बायको तिसऱ्यांदा गरम केलेला चहा घेऊन आली आणि बाजूने वाकून पाहू लागली.

“अहो, कुस्ती कसली खेळताय? हा इकडे ओढतोय, तुम्ही तिकडे!”

एक जण फिल्टर खालून बघत होता, दुसरा वरून. त्यामुळे एकाची डावी बाजू दुसऱ्याच्या डाव्या बाजूच्या बरोब्बर उलटी फिरत होती. पाऊण तास दोघांनी मिळून फिल्टर जागच्या जागी घट्ट धरून ठेवला होता!

लेकीने फोन हातात घेतला. पक्कडभाऊ खालून मेहुण्यावर ओरडले,

“स्क्रूड्रायव्हर ठोक! आरपार घाल आणि त्याला धरून फिरव! पण थांब, आधी मला बाजूला—”

हातोडी पडली. ‘होऊ दे’ म्हणायला उघडलेल्या तोंडात डिझेल आलं. मग कानात, मग बनियनमध्ये, मग कुठे कुठे ते सांगण्यासारखं नाही. पण फिल्टर सुटला! नवा बसला, हातपंप मारून नळीतली हवा काढली, आणि अकराला दहा मिनिटं कमी असताना इंजिन गुरगुरलं. पक्कडभाऊ थुंकत थुंकत हसले. बायकोने त्यांना कपड्यांच्या साबणाने खसाखसा घासून, धुतलेला शर्ट चढवून केबिनमध्ये बसवलं. वास मात्र जागचा हलला नाही.

पहिल्या वळणावर लेक म्हणाली, “बाबा, जरा काच खाली घेते हं.” दुसऱ्या वळणावर तिने मान खिडकीबाहेर काढली.

पक्कडभाऊंनी नजर रस्त्यावर रोवली आणि सुरुवात केली. काही म्हणजे काही ठेवलं नाही त्यांनी. तिचा केवढा अभिमान वाटतो ते सांगितलं. नाही करमलं तर रात्री-बेरात्री फोन कर, ट्रक घेऊन येतो, म्हणाले. घर आता खायला उठेल, हेही सांगितलं, आणि एका पुलावर तर चक्क रडले.

तीन तासांनी ट्रक थांबला. लेकीने मान आत घेतली. केसांचा पार झाडू झाला होता.

“बाबा, तुम्ही काही बोलत होतात का? वाऱ्यात एक अक्षर ऐकू आलं नाही. सांगा ना परत!”

ती आता थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होती. पक्कडभाऊंनी मान वळवून ट्रकची किल्ली काढली.

“काही नाही गं. भूक लागली का, विचारत होतो.”

“तीन तास?”