साळवे साहेबांचं पानिपत

साळवे साहेब बाल्कनीत सायकल चालवताना हेल्मेट घालतात. सायकल लोखंडी स्टँडवर घट्ट बसवलेली, मागचं चाक जागच्या जागी फिरणारं आणि बाल्कनी पाचव्या मजल्यावर. तरीही वळायचं असलं की ते उजवा हात लांब करून दाखवतात. उजवीकडे शेजारच्या दासबाबूंचे बनियन वाळत असतात. पहिल्यांदा मी हे खालून पाहिलं तेव्हा मला वाटलं, ते मलाच बोलावताहेत. म्हणून वर गेलो.

"तुम्हाला नाही बोलावलं," साहेब पेडल मारत म्हणाले. "नरेल्याला वळतोय. सवय मोडता कामा नये. आलाच आहात तर बसा."

मी बसलो. साहेब घाम गाळत पुढे निघाले, म्हणजे तिथेच राहिले. पाऊण तासाने त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून "मुरथल" असं मोठ्याने सांगितलं, उतरले, उभ्याउभ्या एक उकडलेला बटाटा मीठ लावून खाल्ला आणि पुन्हा चढले. सगळी दिल्ली मुरथलला पराठे खायला जाते. मुरथलला जाऊन बटाटा खाणारा माणूस मी हा एकच पाहिला.

सुधाकर सॅम्युएल साळवे, मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, केंद्र सरकारात उपसचिव, निवृत्तीला एक वर्ष बाकी. मी पवार, जळगावचा, दुसऱ्या मंत्रालयात. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत आमचं घर त्यांच्या बरोबर खाली. त्यामुळे त्यांची सायकल आमच्या डोक्यावरून पानिपतला जायची.

पानिपतचं असं होतं. दिल्लीतल्या हौशी सायकलवाल्यांचा एक गट वर्षातून दोन-तीनदा दोनशे किलोमीटरची फेरी काढतो. शर्यत नसते, नंबर नसतो. दिल्लीहून निघायचं, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. सगळं साडेतेरा तासांत. वेळेत आलं की पदक. साहेब चार वेळा निघाले होते आणि चारही वेळा सायकल टेंपोत घालून घरी आले होते. पहिल्यांदा कुत्री मागे लागली म्हणून. दुसऱ्यांदा बसण्याची जागा सोलवटली म्हणून. तिसऱ्यांदा उसाचा ट्रॅक्टर उलट बाजूने आला आणि त्याच्याशी वाद घालण्यात वेळ गेला म्हणून. चौथ्यांदा त्यांनी कारणच दिलं नाही, "तब्येत" एवढंच म्हणाले. त्यांच्या मंत्रालयात महाराष्ट्रातले जे तीन-चार लोक होते ते सोमवारी एकमेकांना विचारायचे, "काय, झालं का पानिपत?" आणि उत्तर ठरलेलं असायचं.

साहेबांना याचं वाईट वाटत नसे. कारण मुळात त्यांना कसलीच आशा नसे. "होणार काही नाही, निघू या," हे त्यांचं आवडतं वाक्य. सायकलवर बसताना, मीटिंगला जाताना, मतदानाला जाताना, सगळीकडे तेच. दिवाळीनंतर दिल्लीची हवा राखेसारखी होते, समोरची इमारत दिसत नाही, तेव्हाही ते मास्क लावून बाल्कनीत चढायचे. मी म्हटलं, "साहेब, या हवेत फुप्फुसं जातील." ते म्हणाले, "जाणारच आहेत. निदान सराव करून जाऊ देत." सायकलची गादीवाली चड्डी ते ऑफिसच्या पँटच्या आत घालून बसायचे. बसण्याचाही सराव लागतो म्हणे. एकदा सचिवांनी चार तास मीटिंग लांबवली. बाकीचे कळवळत होते आणि साहेब एकटेच ताजेतवाने होते.

माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. ते साहेबांना लिफ्टमध्ये कळलं आणि माझं स्वातंत्र्य संपलं. त्यांनी कुणाची तरी जुनी सायकल मिळवून दिली आणि दर रविवारी पहाटे मला गुडगाव-फरीदाबाद रस्त्याच्या चढावर नेऊ लागले. चढावर मी धापा टाकायचो आणि साहेब शेजारून शांतपणे सांगायचे, "पवार, पुढचा चढ याहून वाईट आहे." फरीदाबादच्या कारखान्यांची रात्रपाळी सुटायची, कामगार साध्या काळ्या सायकलींवर, मागे डबा लावून, आमच्या पुढे निघून जायचे. साहेब त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "हे खरे सायकलवाले. आपण सोंगं."

साडेआठच्या आत मात्र घरी परत यायचंच. त्यात कधी पाच मिनिटं इकडचं तिकडे झालं नाही. चहालाही थांबायचे नाहीत.

घरी रूथवहिनी असायच्या. दिल्लीतल्या एका शाळेत त्यांनी पंचवीस वर्षं गणित शिकवलं. आमच्या मुलीचे लसावि-मसावि त्यांनीच सोडवून दिले. बोलण्यात धारदार बाई. साहेबांच्या निराशेवर त्यांचा एक ठरलेला शेरा असायचा, "उत्तर पाठ आहे, गणित मांडलेलंच नाही." दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त "हं" यायचा. तोच होकार, तोच नकार, तीच हाक. सुरुवातीला डॉक्टर म्हणायचे, शब्द परत येतील. मग "बघू" म्हणायला लागले. मग काहीच म्हणेनासे झाले. आठवडाभर दिवसा सरोज नावाची बाई त्यांच्याजवळ असायची. रविवारी साहेब स्वतः.

साहेब सायकलवरून आत तोंड करून गावांची नावं का ओरडतात, ते मला पुढे कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सतत बोलत राहा. साहेबांना बोलायला विषय सुचत नसत. तीस वर्षं बोलण्याचं काम वहिनींनी केलं होतं. मग ते आपले सकाळी तासभर, कुंडली आलं, गन्नौर गेलं, समालख्याला ऊन लागतंय, असं सांगायचे. आतून कधी "हं" यायचा, कधी नाही.

फेब्रुवारीत पाचवी फेरी जाहीर झाली. साहेब म्हणाले, "पवार, तुम्हीपण या. होणार काही नाही." मी घरी येऊन सांगितलं. माझी बायको मेधा दुसऱ्या दिवशी वर गेली, वहिनींसाठी शिरा घेऊन. खाली आली ती डोळे पुसत.

"काय झालं?"

"साहेबांची सायकल कशी बंद पडते ते कळलं," मेधा म्हणाली. "सरोजने सांगितलं."

साहेब फेरीला जात त्या रविवारी सरोज खास येऊन थांबायची. दुपारी काला अंबहून साहेबांचा फोन यायचा. सरोज मेधाला म्हणाली, "साहब पूछते हैं, मैडम क्या कर रही हैं। मैं बोलती हूँ, दरवाज़े की तरफ़ देख रही हैं। बस, तीन घंटे में साहब टेंपो लेकर आ जाते हैं।"

कुत्री, ट्रॅक्टर, सोलवटणं हे सगळं खरंही असेल. पण ते प्रत्येकालाच होतं, आणि लोक परत सायकलवर बसतात.

मेधा म्हणाली, "या वेळी सरोजबरोबर मी बसते. फोन मी घेणार आणि साफ खोटं बोलणार."

रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. थंडी होती, धुकं होतं, महामार्गावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. साहेब सरळ रेषेत, एकाच वेगाने, कुणाच्या अंत्ययात्रेला निघाल्यासारखे चालवत होते. सव्वाबाराला काला अंबला पोचलो. शिक्का मिळाला. हातात सव्वासात तास होते आणि तेवढंच अंतर. माझ्या मते आम्ही जिंकल्यात जमा होतो.

स्मारकाच्या बागेत कोल्हापूरचं एक कुटुंब आलं होतं. आजोबा खांबासमोर हात जोडून उभे होते आणि सून त्यांचा फोटो काढत होती. आम्हाला मराठी बोलताना ऐकून आजोबांनी विचारलं, "तुम्ही यासाठी सायकलवर आलात? दिल्लीहून?" साहेबांनी काय सांगावं ते न कळून मान हलवली. आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. साहेब अवघडून बाजूला झाले आणि त्यांनी फोन लावला.

मेधाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "वहिनी झोपल्यात. अगदी गाढ."

"ती दुपारी झोपत नाही," साहेब म्हणाले.

"आज झोपल्यात."

"मेधाताई, ती कुठे बघतेय?"

मेधा शाळेत असताना नाटकात काम करायची असं ती सांगते. पण त्या प्रश्नाला तिला उत्तर देता आलं नाही. साहेबांनी फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. माझ्या गिअरमध्ये काहीतरी आवाज येतोय."

गिअर अगदी व्यवस्थित होता. मी तसं म्हणालो. मी त्यांना वेळ दाखवली, वारा पडलाय म्हणालो, सरोज आहे, मेधा आहे म्हणालो. साहेब ऐकून घेत होते. "पवार," ते म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे." आणि बाहेर जाऊन त्यांनी टेंपो थांबवला. दिल्लीला गाद्या घेऊन जाणारा टेंपो होता. ड्रायव्हर भला माणूस. त्याने सायकल गाद्यांवर आडवी घातली आणि दोरीने अशी आवळली की ती लंडनपर्यंत हलली नसती. साहेब पुढे चढून बसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मेधाचा होता. त्यांनी घाबरून उचलला. पलीकडून कुणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. मग वहिनींचा आवाज आला. दोन वर्षं मी तो ऐकला नव्हता, तरी ओळखला. दगड ओढल्यासारखा, एकेक अक्षर तोडून.

"ये… ऊ… न… का."

साहेबांनी फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं, परत कानाला लावला. "रूथ?" म्हणाले. "रूथ, परत बोल." पलीकडून "हं" आला आणि फोन बंद झाला.

ड्रायव्हरने विचारलं, "चलें, साहब?" साहेब माझ्याकडे वळले. चेहरा पार पडलेला.

"दोन वर्षांनी बोलली," ते म्हणाले, "आणि काय बोलली बघा."

हसावं की काय करावं, मला कळेना. मग तेच हसले आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. टेंपोच्या केबिनमध्ये, हेल्मेटसकट. मी खूण केली तसं ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तो बिचारा गाद्यांकडे जाऊन सायकल सोडू लागला. त्याचीच गाठ त्याला सुटेना. आम्ही तिघांनी मिळून दात, नखं आणि पान्हा वापरून ती सोडवली. निघालो तेव्हा एक दहा झाले होते.

परतीचं मी फार सांगत नाही. समालख्यापासून समोरून वारा सुटला. मुरथलच्या पुढे माझ्या पायांत गोळे आले. साहेब दहा मिनिटं माझ्यासाठी थांबले, पुढे व्हा म्हटलं तरी ऐकलं नाही. कुंडलीच्या पुढे त्यांना उलटी झाली. दिल्लीत शिरलो तेव्हा प्रत्येक सिग्नल लाल होता आणि साहेब प्रत्येक सिग्नलला थांबले. आजूबाजूला मोटारी हॉर्न वाजवत निघून जात होत्या आणि ते एक पाय टेकवून हिरव्याची वाट बघत होते.

शेवटच्या ठिकाणी पोचलो तेव्हा गटाचे लोक टेबल घडी करत होते. सात एक्केचाळीस. अकरा मिनिटं उशीर. कार्ड घेणारा तरुण वरमून म्हणाला, "सर, ग्यारह मिनट ही तो है, पर रूल…"

"रूल सही है," साहेब म्हणाले आणि त्याला घडी घालायला हात लावला.

घरी मेधाने दार उघडलं. वहिनी दारासमोरच खुर्चीत बसल्या होत्या. साहेब त्यांच्यापाशी गेले. ते खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसले आणि बसताक्षणीच त्यांच्या पोटरीत असा गोळा आला की ते कण्हत आडवे झाले. मी चोळायला पुढे झालो. मेधाने माझा दंड धरला.

वहिनी वाकल्या. खूप वेळ लागला वाकायला. डावा हात खाली आणून त्यांनी साहेबांची पोटरी धरली आणि दाबू लागल्या. त्या हातात जोर कुठला असणार. बोटं नुसती वरवर फिरत होती, घसरत होती, पुन्हा जागेवर येत होती. गोळा केव्हाच उतरला असेल. साहेबांनी पाय हलवला नाही.