देवरे काकांचा प्रशांत

आमच्या समोरचे देवरे काका दाराची बेल वाजवत नाहीत. ते बाहेर उभे राहून घोषणा करतात. "फ्लॅट क्रमांक तीनशे दोनमधील रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपली दुधाची पिशवी चुकून आमच्या दारात आलेली आहे." मग तेच पुन्हा एकदा, कारण घोषणा दोनदा करायची असते. दुसरी संपायच्या आत मी दार उघडलं, तर हाताने मला थांबवतात, वाक्य पूर्ण करतात आणि मगच पिशवी देतात.

काका नोकरीभर बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून माईकवरून गाड्या पुकारायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून ड्यूटीवर आहे. एकदा भाजीबाजारात त्यांनी "मेथी उपलब्ध आहे का?" असं विचारलं, तर भाजीवाल्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, "तुम्ही स्टँडवर होते ना?"

आवाजाइतकीच काळजी ते भाषेची घेतात. समोरचा 'पानी' म्हणाला की हळूच 'पाणी' म्हणतात. मी 'आली होती' म्हणाले तर 'आले होते' करून देतात. वर सांगतात, "ताई, शुद्ध बोलायला जादा तिकीट पडत नाही."

असे हे काका एकटे राहतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला असतो, रविवारी फोन करतो. गेल्या वर्षी सटाण्याजवळच्या गावाहून त्यांची मोठी बहीण, आक्का, मुलाकडे सुरतला राहायला गेली. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नव्हतं. म्हणून तिचा काळाकुट्ट, एक कान उभा आणि एक पडका असलेला कुत्रा टेम्पोत बसून काकांकडे आला.

आक्का त्याला काय म्हणायची ते काकांनी आम्हाला सांगितलं नाही. त्यांनी त्याचं नाव ठेवलं प्रशांत. नावाप्रमाणे स्वभाव होईल अशी त्यांची आशा होती. अडचण अशी की आमच्या सोसायटीच्या खजिनदाराचं नावही प्रशांतच. काका गॅलरीतून "प्रशांत, जिन्यात घाण करू नये" असं म्हणाले की खाली स्कूटर पुसणारा प्रशांत दचकून वर बघायचा. कुत्रा मात्र बघायचा नाही.

मग शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता, पार्किंगमध्ये. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, "प्रशांत, कृपया खाली बसून घ्यावे." प्रशांत शेपूट हलवायचा. "प्रशांत, कृपया खाली बसून घ्यावे." प्रशांत जांभई द्यायचा. ऑफिसला निघताना मी बघायचे, तर काका त्याच्यापुढे उकिडवे बसून बसणं म्हणजे काय ते दाखवत असायचे आणि तो उभा राहून कौतुकाने त्यांच्याकडे बघत असायचा. मी एकदा म्हटलंही, की काका, वाक्य जरा आखूड करून बघा. काका म्हणाले, अर्धवट सूचना दिली की प्रवासी चुकीच्या गाडीत बसतो.

तीन महिने गेले. प्रशांत काहीही शिकला नाही. "ढ आहे हो," असं सगळी सोसायटी म्हणू लागली. काका दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा पार्किंगमध्ये हजर असायचे.

आणि एप्रिलमध्ये कुरड्यांचं प्रकरण झालं. अध्यक्ष पगारे साहेबांच्या मिसेसनी गच्चीवर तीन साड्या पसरून कुरड्या घातल्या होत्या. प्रशांत कबुतरामागे धावला आणि त्या तिन्ही साड्यांवरून गेला, आला आणि पुन्हा गेला. खालून काका सांगत होते, "प्रशांत, त्वरित परत यावे." तो आला नाही.

संध्याकाळी मीटिंग झाली. पगारे साहेब माणूस वाईट नाही, पण घरात कुरड्या वाया गेल्यावर त्यांना काही पर्याय नव्हता. त्यांनी महिन्याची मुदत दिली. बोलावल्यावर येणं, सांगितल्यावर बसणं आणि तोंडातली वस्तू सोडणं, एवढं सगळ्यांसमोर जमलं तर कुत्रा राहील. नाही तर त्याची सोय दुसरीकडे करायची. काकांनी "सूचनेची नोंद घेतली आहे" असं म्हटलं. पण जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबले.

त्यानंतर आठवड्याभराने मी वाटीभर आमरस द्यायला त्यांच्याकडे गेले होते. काका स्वयंपाकघरात होते. टेबलावरचा फोन वाजला, सुरतहून आक्काचा. त्यांचे हात पिठाचे होते म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितलं. आक्काने आधी भावाची चौकशी केली, मग कुत्र्याची. आणि मग मोठ्याने म्हणाली, "काया, बठ."

सोफ्यामागे लोळणारा प्रशांत, म्हणजे आक्काचा काया, आपल्या भाषेत काळ्या, उठला, फोनसमोर आला आणि शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला.

काका धावत आले आणि पिठाच्या हातानेच त्यांनी स्पीकर बंद केला. फोन झाल्यावर बराच वेळ ते कणीक मळत राहिले. मी म्हटलं, "काका, हा ढ नाहीये. याला अहिराणी येते."

"माहीत आहे मला," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांचे होते. पहिल्याच दिवशी साहेबांनी माईक हातात दिला. सटाण्याची गाडी लागली होती. घाबरून तोंडातून घरचंच निघालं, "सटाणानी गाडी लागेल शे." अख्खं स्टँड हसलं. कंडक्टर हसले, प्रवासी हसले, रसवंतीवाला हसला. पुढे दोन वर्षं लोक त्यांना देवरे म्हणायचे नाहीत, 'शे' म्हणायचे. चहा शे का, सुट्टी शे का. तेव्हा त्यांनी रोज आरशासमोर पेपर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वर्षभरात त्यांच्याइतकं स्वच्छ बोलणारा स्टँडवर कोणी राहिला नाही. मुलाशीही ते पहिल्यापासून असंच बोलले, त्याला कोणी हसू नये म्हणून.

"मी शिकलो, तसा हाही शिकेल," काका म्हणाले. "शहरात राहायचं म्हणजे शिकावं लागतं, ताई."

मी आमरसाची वाटी ठेवली आणि घरी आले.

मुदत संपली त्या रविवारी पार्किंगमध्ये पंचवीसेक माणसं जमली. खुर्च्या मांडल्या होत्या. पगारे वहिनी पहिल्या रांगेत होत्या. वस्तू म्हणून खजिनदाराने स्वतःची जुनी चप्पल दिली, ती प्रशांतने आल्याआल्या तोंडात धरली आणि तो टाकीजवळ जाऊन उभा राहिला.

काकांनी घसा साफ केला. "प्रशांत, कृपया इकडे यावे." तो आला नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदाही झालं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. पगारे साहेबांनी घड्याळ बघितलं आणि खुर्चीवरून उठत ते म्हणाले, "देवरे साहेब, मला वाटतं आता..."

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत घातला.

"काया," काका म्हणाले. आवाज माईकचा नव्हता. जरा घोगरा होता, कोणा दुसऱ्याच माणसाचा वाटला. "आठे ये."

पडका कानही उभा राहिला. कुत्रा धावत येऊन त्यांच्या पायाशी थांबला.

"बठ."

बसला.

"सोडी दे."

चप्पल खाली पडली.

काका मान खाली घालून उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला कळलं, की ते सगळ्यांच्या हसण्याची वाट बघतायत.

खजिनदार प्रशांत आपली चप्पल उचलायला पुढे आला. वाकला आणि वाकलेला असतानाच हळू आवाजात म्हणाला, "कोनतं गाव शे तुमनं, काका?"

काकांनी मान वर केली.

त्याची आई सटाण्याजवळच्याच नामपूरची निघाली. लगेच पाचव्या मजल्यावरच्या पवार आजी म्हणाल्या की त्यांचं माहेर मालेगावच्या पुढे आहे. एवढी वर्षं एका जिन्याने चढ-उतार करत होतो आणि कोणाला कोणाचा पत्ता नव्हता. पगारे साहेबांनी 'पास' असं जाहीर केलं. पगारे वहिनींनी स्वतः 'बठ' म्हणून बघितलं. कुत्रा त्यांच्यासाठीही बसला, तेव्हा त्या एवढ्या खूश झाल्या की घरात जाऊन त्याच्यासाठी पोळी घेऊन आल्या.

त्या दिवशी दिवेलागणीला मी काकांचं अभिनंदन करायला गेले. दार उघडंच होतं. काका सोफ्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते, काया त्यांच्या पावलांवर हनुवटी ठेवून पडला होता, आणि काका त्याला काहीतरी सांगत होते. सावकाश, थांबत थांबत, मध्येच स्वतःशी हसत.

मला बघून ते संकोचले. मी विचारलं, काय सांगताय त्याला?

"विशेष काही नाही," काका म्हणाले. "आज काय काय झालं ते. संध्याकाळी घरी आलो की हिला सांगायचो. तिला आपल्या बोलीतच लागायचं सगळं. ती गेली, मग कोणाला सांगणार." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. "आज बोलायला बसलो तर काही शब्द आठवेचनात."

मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि एक मूठ शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या. "मग पुढे सांगा," मी म्हटलं.

कायाकडे बघत काकांनी बोलायला सुरुवात केली. मला अर्धंच कळत होतं. काया मात्र डोळे मिटून सगळं ऐकत होता.