वाघोबांची घरबसल्या सभा

एका जंगलात, बाळांनो, रेंज होती.

झाडं, ओढे, डोंगर काय, सगळ्याच जंगलांत असतात. इथे मात्र करवंदीच्या जाळीत बसलं तरी फोनला फुल रेंज यायची. म्हणून हे प्रगत जंगल.

तिथले राजे वाघोबा. दर सोमवारी वडाखाली त्यांची सभा भरायची. सभेला वीस जण यायचे आणि घरी एकोणीस जायचे. इतिवृत्तात "उपस्थिती समाधानकारक" असं लिहिलं जायचं.

हळूहळू प्राणी सभा टाळू लागले. कुणाची सासू आजारी, कुणाच्या पायात काटा. राजे उपाशी राहू लागले. तेव्हा त्यांचा चिटणीस कोल्हा म्हणाला, "महाराज, सभा ऑनलाइन घेऊ. ज्याने त्याने आपापल्या घरीच बसायचं. अट एकच, कॅमेरा चालू पाहिजे."

सगळ्यांना आनंद झाला. सगुणाबाई भेकर यांना तर फारच. भेकर म्हणजे लहानसं, भित्रं हरीण. सगुणाबाईंचे यजमान एकदा वडाखालच्या सभेला गेले होते, ते इतिवृत्तातच राहिले.

पहिल्या ऑनलाइन सभेत वाघोबांनी विकासावर तासभर भाषण केलं. मग मायेने विचारलं, "चितळराव, तुमच्या मागची जांभूळ झकास दिसतेय हो. कुठली म्हणायची?"

"टेकडीमागची, महाराज. पाणवठ्याला लागूनच!" चितळराव फुशारून म्हणाले.

पुढच्या सोमवारी चितळरावांचा चौकोन काळा होता.

"त्यांचं नेटवर्क गेलेलं दिसतंय," चिटणीस म्हणाले. "पुढचा विषय."

त्यानंतरच्या सोमवारी सशाचं नेटवर्क गेलं. त्याच्या मागे वारूळ दिसत असे, आणि महाराजांनी वारुळाची आपुलकीने चौकशी केली होती.

सगुणाबाईंच्या सगळा प्रकार ध्यानात आला. घर बदलावं, तर नवं घरही दिसणारच. कॅमेरा बंद ठेवावा, तर शिस्तभंग. शिस्तभंगाची सुनावणी गुहेत, समक्ष. कॅमेरा बंद ठेवायची मुभा फक्त चिटणिसांना होती. त्यांना म्हणे कामं फार.

बाई भित्री होती, पण बावळट नव्हती. चरायला जाताना तिने चिटणिसांच्या बिळासमोरच्या पळसाचा फोटो काढला. पुढच्या सभेत तोच आपल्या मागे पडद्यासारखा लावून ती बसली.

"अरे वा, भेकरबाई," वाघोबा म्हणाले. "पळस काय फुललाय! कुठे हा?"

"ओढ्याच्या वळणावर, महाराज. डाव्या हाताला."

चिटणीस "महाराज, एक मिनिट" म्हणेपर्यंत सभा संपली होती. महाराजांना भूक लागली होती.

चिटणीस पळून जायला निघाले, पण फायली गोळा करण्यात त्यांचा वेळ गेला. वाघोबा पोचले तेव्हा पळसाखाली भेकर नव्हतं, कोल्हा होता. भुकेल्या माणसाने हुद्दा पाहत बसू नये, मग वाघाने कशाला पाहावा?

पुढच्या सोमवारी वाघोबांनी आधी चिटणिसांना श्रद्धांजली वाहिली.

"चवीला कडू होते, पण कामाला चोख होते," ते म्हणाले. "आता नवा चिटणीस नेमायचा. एखाद्याच्या मागे जे दिसतं ते खरं नसतं, हे आम्हाला या आठवड्यात कळलं. भेकरबाई, एवढी तांत्रिक जाण या जंगलात दुसऱ्या कुणाला नाही. आजपासून तुम्हीच चिटणीस."

सगुणाबाई घाईघाईने म्हणाल्या, "महाराज, माझी कुठली एवढी लायकी? आणि घरूनच करीन म्हणते मी काम."

"छे, छे! मागच्या चिटणिसांना घरून काम करू दिलं, तिथेच चुकलं. उद्या सकाळी गुहेत या. न्याहारी करून येऊ नका, ती इथेच होईल."

पडद्यावर सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. कुणीतरी फुलांचा गुच्छही पाठवला. सगुणाबाईंची निवड एकमताने झाली, आणि त्या आठवड्यात जंगलात बाकी सगळ्यांना अगदी शांत झोप लागली.

तात्पर्य: ऑनलाइन सभेत हुशारी दाखवू नये. बढती मिळते, आणि ती समक्ष येऊन घ्यावी लागते.